हिराजी प्रॉम्प्टरचा शनिवार

"सावकास घे, वाक्य कुठं पलून जात नाय."

खारघरशेजारच्या ओवे गावातल्या हिराजी घरतच्या तोंडी हे कायम असायचं. विंगेतून तो नटाला हे सांगायचा, आणि लग्नात नाव घेताना अडखळलेल्या नवरीलाही हेच सांगायचा. माणसं हसायची, पण त्याचं ऐकायची. त्याच्या आवाजात घाई नव्हती. अंगणात पाणी मुरावं तसा तो आवाज समोरच्याच्या अंगात मुरत जायचा.

हिराजी गावच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर होता. खारघरच्या इमारती गावाच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, भाताची शेतं प्लॉट होऊन गेली, तरी ओव्यानं जत्रेचं नाटक सोडलं नाही. नाटकात कामं करणारे कोण, तर टेम्पो चालवणारे, कंपनीत पहारा करणारे, मासळी आणणारे. तालमीला यायचे ते अर्धे झोपेत. पाठांतर करायला कुणाला सवड होती? आणि हिराजी असताना गरज तरी काय होती? तो डाव्या विंगेत वही घेऊन उभा राहायचा आणि असा आवाज लावायचा की स्टेजवरच्याला तो नेमका पोचायचा, पहिल्या रांगेतल्याला मात्र ऐकू जायचा नाही. अंधारात माणूस भिंतीला हात लावून चालतो तसे नट त्या आवाजाला धरून चालायचे.

मंडळाच्या काही रीती होत्या. रंगीत तालीम झाली की वही लाल फडक्यात बांधून नटराजापुढे ठेवायची. प्रयोगाच्या दिवशी नारळ फोडायचा तो प्रॉम्प्टरनं, आणि तिसरी घंटा होईपर्यंत फडकं सोडायचं नाही. पुजलेल्या वहीत कुणी काना-मात्रा बदलायचा नाही, हे तर कुणी बोलूनही दाखवत नसे. आईच्या ताटात थुंकू नये हे का कुणी सांगतं? दुसरी रीत वन्स मोअरची. लोकांनी मागितला तर तो द्यायचा, मग पुढचा प्रवेश कितीही खोळंबो.

आणि आणखी एक गोष्ट होती, तिला रीत म्हणा नाहीतर खोड म्हणा. नाटक कोणतंही असो, त्यात एक 'तसला' असायचा. कधी हॉटेलातला वेटर, कधी डान्स मास्तर, कधी पाटलाच्या वाड्यातला आचारी. तोंडाला पावडर, मनगटाला रुमाल, कंबर एकीकडे आणि खांदा दुसरीकडे. तो नुसता आला तरी बाया पदरात तोंड घालायच्या आणि पोरं शिट्ट्या मारायची. हिराजीनं उभ्या जन्मात असे कितीतरी तसले बोलवले होते. त्यांची वाक्यं त्याच सावकाश आवाजात नटाच्या कानात सोडली होती. मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. नाटकातल्या या माणसाला घर नसायचं. त्याची आई कधी आजारी पडायची नाही, त्याच्या वाटेकडे कुणी डोळे लावून बसलेलं नसायचं. तो यायचा, कंबर हलवायचा आणि जायचा. कुठं जायचा, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.

हिराजीला घर होतं. आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणारं माणूसही होतं.

तरुणपणी ओव्याच्या जमिनी मोजायला सरकारी माणसं आली, तेव्हा हिराजी रोजावर काठी धरायला उभा राहिला होता. दुर्बिणीपलीकडून एक बारीकसा, चष्म्याचा माणूस त्याला हातानं डावीकडे, उजवीकडे सरकवत होता. त्याचं नाव इसाजी. जुन्या पनवेलच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणी ज्यू घरातला, नकाशे काढणारा, पगारदार. मोजणी संपली तरी इसाजी गावात येत राहिला, आणि मग हिराजी पनवेलला जात राहिला. दोघांनीही लग्न केलं नाही. गावानं हिराजीला नाटकवेडा ठरवलं, पनवेलनं इसाजीला बहिणीत अडकलेला भाऊ ठरवलं, आणि दोघांचं निभावलं.

इसाजी शनिवार पाळायचा. त्या दिवशी तो विस्तवाला हात लावत नसे. मग शनिवारी सकाळी हिराजी ओव्याहून निघायचा, त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवायचा आणि चहा ठेवायचा. इसाजी खिडकीपाशी वाचत बसलेला असायचा. चहा उकळेपर्यंत कुणी काही बोलत नसे. कपात चहा पडला की इसाजी चष्मा वर करून म्हणायचा, "आलास." येऊन केव्हाचा झालेला असायचा, पण त्याचं येणं धरलं जायचं ते त्या घडीपासून. केस पांढरे होईपर्यंत दोघांचे शनिवार असे गेले. मग इसाजीला दम्यानं नेलं. दफनाला हिराजी मागच्या ओळीत उभा होता. कुणीतरी विचारलं, हे कोण? रूबीबाई म्हणाली, घरचे आहेत.

रूबी म्हणजे इसाजीची बहीण, त्याच्याच घरात राहणारी, दवाखान्यातली निवृत्त नर्स. सगळं समजलेली, आणि तोंडानं एक अक्षर न काढलेली बाई.

त्यानंतर काही वर्षांनी मंडळात नीलेश सर आले. कामोठ्याला त्यांचे क्लासेस, नवीन पनवेलला फ्लॅट, आणि डोक्यात नाटक. त्यांनी मंडळाला जत्रेच्या मांडवातून पनवेलच्या नाट्यगृहापर्यंत नेलं, हे खोटं म्हणता येणार नाही. माणूस गोड होता. तालमीनंतर हिराजीजवळ बसायचा, काका काका म्हणायचा. एकदा त्यानं विचारलं, "काका, आपल्या नाटकातला तो तसला माणूस, त्याच्यावर कुणी खरं नाटक का लिहीत नाही? आता कोर्टानंही मान्य केलंय. लोकांनाही कळायला पाहिजे की ही आपल्यासारखीच माणसं आहेत."

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सांगणाऱ्या माणसाला कुणी पहिल्यांदा त्याचं वाक्य विचारलं. हिराजीनं लगेच काही सांगितलं नाही. तो आधी पनवेलला गेला आणि रूबीबाईला विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "नाव घालू नका. आणि त्याला कुणाला हसू देऊ नका. तेवढं बघा."

हिराजीनं ते तसंच सरांना सांगितलं. सरांनी तालमीच्या वहीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, एकही माणूस हसणार नाही." तेव्हा कुठं हिराजीनं आपला शनिवार सांगितला. काठी, दुर्बीण, गॅस, चहा, "आलास". सर लिहून घेत होते, आणि लिहिता लिहिता त्यांचे डोळे भरले होते. हिराजीनं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं त्याला सगळ्यात जास्त छळलं ते त्या डोळ्यांनी, कारण ते पाणी खरं होतं.

नाटक लिहून झालं. इसाजीचा ईश्वर झाला, हिराजीचा हरी झाला, शनिवार पाळण्याचा शनिवारचा उपास झाला. हरीचं काम मिथुनला दिलं. मिथुन टेम्पो चालवायचा. दरवर्षीचा तसला तोच. त्याला पाहून लोक नुसते हसत नसत, लोळत. पण हिराजीनं त्याला हाताखाली घेतलं. गॅस पेटवताना काडी कशी धरायची, पाठमोरं उभं राहूनही खोलीत दुसरा माणूस आहे हे पाठीवर कसं दिसू द्यायचं, हे त्यानं मिथुनला संध्याकाळी संध्याकाळी शिकवलं. मिथुनची कंबर पहिले काही दिवस आपसूक हलायची. हिराजी म्हणायचा, "मिथुन, हा मानूस हसवायला नाय आला, चाय ठेवायला आलाय." हळूहळू मिथुन उभा राहायला लागला. रंगीत तालमीला शनिवारचा प्रवेश झाला तेव्हा मंडळातली टवाळ पोरंसुद्धा गप्प बसून होती. हिराजीला वाटलं, जमलं.

त्याला वाटलं तसं इतरांना वाटलं नव्हतं. त्या गप्प बसण्याची सरांना धास्ती वाटली होती.

रीतीप्रमाणे वही लाल फडक्यात बांधायची तेव्हा सर म्हणाले, काका, लाईटवाल्याला झेरॉक्स द्यायची आहे, वही मला द्या, मीच बांधून नटराजापुढे ठेवतो. हिराजीनं दिली. देताना मनात काहीही आलं नाही.

प्रयोग रविवारी दुपारचा होता, संध्याकाळी नाट्यगृह मुंबईच्या नाटकाला दिलेलं. ओव्याहून टेम्पो भरभरून माणसं आली. हिराजीनं रूबीबाईला स्वतः जाऊन बोलावलं होतं. ती महिन्याभरात मुलीकडे, एलिशेवाकडे, इस्राएलला कायमची जायची होती. जाण्याआधी भावाला एकदा भेटून जा, असं काहीसं तो तिला बोलून बसला होता. ती पांढरी साडी नेसून तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. हिराजीनं नारळ फोडला. पाणी वहीवरच्या लाल फडक्यावर शिंपडलं, हात जोडले. तिसरी घंटा झाली तेव्हा विंगेत उभं राहून त्यानं गाठ सोडली.

पहिली पानं ओळखीची होती. मोजणी होती, काठी होती. मग शनिवार आला आणि हिराजीचा अंगठा नव्या, गुळगुळीत कागदावर पडला. छापलेलं होतं. त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्या. हरी एप्रन घालून, रुमाल उडवत येतो. गॅसकडे पाहून डोळा मारतो. अगं बाई, किती तापलाय हा. त्याच्या पुढं आणखी होतं.

समोर मिथुन आलाच होता. एप्रन होता, मनगटाला रुमाल होता. त्यानं अजून पाऊल हलवलं नव्हतं. तो पहिल्या शब्दाची वाट बघत विंगेकडे कान देऊन उभा होता, सवयीप्रमाणे.

हिराजीनं वही छातीशी मिटली आणि जुनं वाक्य सांगितलं. "बस तू. चाय ठेवतो."

मिथुन चपापला. पण इतक्या वर्षांचा आवाज होता तो. ऐकला की तोंडातून निघायचा. "बस तू. चाय ठेवतो," मिथुन म्हणाला, आणि पाठमोरा झाला. त्यानं काडी ओढली. एप्रन असूनही, रुमाल असूनही, तो क्षणभर शिकवल्यासारखा उभा राहिला. नाट्यगृह शांत झालं. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. हिराजीनं दुसरं वाक्य दिलं, मिथुननं घेतलं. तिसरं दिलं, घेतलं. विंगेच्या फटीतून हिराजीला तिसऱ्या रांगेतली पांढरी साडी दिसत होती. रूबीबाई पुढं झुकून बघत होती, अगदी तिच्या स्वयंपाकघराच्या दारातून बघायची तशी.

समोरच्या विंगेत सर उभे होते. त्यांनी हात वर केला आणि मनगट लचकवलं.

मिथुननं सरांकडे पाहिलं. मग हिराजीकडे पाहिलं. मग समोर, गप्प बसलेल्या माणसांकडे पाहिलं. नटाला गप्प माणसं म्हणजे काय वाटतं हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. मिथुनला ती विहिरीसारखी वाटली असतील. त्यानं कंबर उडवली. "अगं बाई, किती तापलाय हा."

नाट्यगृह फुटलं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून आवाज उठला, "वन्स मोअर". ओव्याची माणसं होती ती. त्यांना आपला मिथुन परत मिळाला होता.

वन्स मोअर द्यायचा तर प्रॉम्प्टरनं वाक्य पुन्हा द्यायचं. मिथुन विंगेजवळ सरकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "काका, वाक्य." हिराजीनं वही उघडली नाही. मिथुन क्षणभर थांबला. मग वळला आणि अख्खा तुकडा एका दमात बोलून मोकळा झाला, रुमालासकट, डोळ्यासकट, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

तिथं हिराजीला सगळं समजलं. मिथुननं जन्मात कधी एक वाक्य पाठ केलं नव्हतं, आणि हे पाठ होतं. म्हणजे तालमी झाल्या होत्या. कुठंतरी सरांच्या फ्लॅटवर, त्याला वगळून, सगळे जमले होते. ईश्वर झालेला काशिरामही त्या नव्या वाक्यांना बिनचूक उत्तरं देत होता. संगीतवाल्यानं नेमक्या ठिकाणी ढोलकी मारली. आणि या वहीवर त्यानं स्वतःच्या हातानं नारळाचं पाणी शिंपडलं होतं.

पुढचं नाटक त्याच्याशिवाय झालं. तो विंगेत उभा होता इतकंच. शेवटी ईश्वर मरतो तो प्रवेश सरांनी तसाच ठेवला होता, आणि माणसं रडलीसुद्धा. पोटभर हसून झालेलं माणूस सहज रडतं.

पडदा पडल्यावर मेकअपच्या खोलीत पेढे वाटत होते. सर स्वतः हिराजीजवळ आले, त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाले, रागावला आहात मला माहीत आहे. पण आधी हसले म्हणून तर शेवटपर्यंत बसले. तालमीला सगळे कसे गप्प होते पाहिलंत ना? तसं झालं असतं तर अर्ध्यात हॉल रिकामा झाला असता. मग तुमची गोष्ट ऐकली कुणी असती?

हिराजी म्हणाला, "मला इचारायचं तरी, सर."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हनून नाय इचारलं."

सरांनी त्याचे हात सोडले. ते पेढ्याच्या डब्याकडे गेले.

मिथुन आरशासमोर बसून चेहऱ्याला तेल लावत होता. त्याला खरोखर कळत नव्हतं. तो म्हणाला, "काका, तुमाला येवढं का लागलं? दर साली असतोच की आपल्या नाटकात असला. तुमीच तर बोलवता त्याला."

यात खोटं काही नव्हतं. हिराजीनं खोलीभर नजर फिरवली. काशिराम होता, ढोलकीवाला होता, त्याच्याच आळीतली पोरं होती. इतकी वर्षं त्यानं या सगळ्यांना तोंडात वाक्य दिलं होतं. आता त्याला स्वतःला एक म्हणायचं होतं, आणि पलीकडे विंगेत कुणी उभं नव्हतं.

"तो हरी मी हाय," तो म्हणाला. "शनिवारी चाय ठेवायला मी जायचो. मी."

सगळे वळून बघायला लागले. मग मिथुन हसला. वाईट मनानं हसला नाही. हरीचं नाव निघालं की हसायचं, एवढंच त्या दिवशी अंगात बसलेलं होतं. काकांनी गंमत केली असं त्याला वाटलं. हसता हसता त्यानं आरशात हिराजीचं तोंड पाहिलं आणि त्याचा हात तेलासकट गालावरच राहिला. पण तोवर दारातल्या पोरांनी ते हसू उचललं होतं, आणि ते बाहेरच्या पॅसेजपर्यंत गेलं.

हिराजी बाहेर आला. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर रूबीबाई रिक्षासाठी उभी होती. ऊन कलतं झालं होतं, आणि समोर ओव्याचा टेम्पो भरत होता. तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती रडलेली नव्हती.

"इसाजी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलला नाही," ती म्हणाली. "शेजारच्यांना त्याचा आवाज माहीत नव्हता. त्याच्यावर आज शिट्ट्या वाजल्या."

"वही बदलली त्यांनी, रूबीबाई. मला ठावं नव्हतं."

"नसेल ठाऊक." तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "पण चहाचं त्यांना कुणी सांगितलं? घरातलं होतं ते. तुम्ही आणि तो, एवढ्यांतलं. मीसुद्धा कधी आत आले नाही त्या वेळेला."

हिराजीजवळ याला उत्तर होतं. तुम्ही हो म्हणालात, वहीवर हात ठेवून सरांनी वचन दिलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळं होतं. ते त्यानं पोटातच ठेवलं. त्याला नीलेश सर दिसत होते तसाच तो आता रूबीबाईला दिसत होता, विश्वासानं दिलेलं चव्हाट्यावर नेणारा. तिच्या घरात इतकी वर्षं विस्तव पेटवणारा माणूस आता तिला नीट ओळखू येत नव्हता.

"मी पुढच्या महिन्यात जातेय," ती म्हणाली. "घराची किल्ली शेजारी देते. तुम्ही येत जाऊ नका आता."

त्यानं मान हलवली. वाकून तिला नमस्कार करावा असं त्याला वाटलं, पण तिनं हात साडीच्या पदरात घेतले होते.

टेम्पोतून गावची माणसं त्याला हाका मारत होती. हिराजी, चल, जागा हाय. कुणीतरी मिथुनचं वाक्य नक्कल करून म्हणत होतं, आणि बाया हसत होत्या. हरी कोण ते कुणाला अजून कळलेलं नव्हतं, किंवा कळून चुकलं होतं आणि म्हणूनच हसणं थांबत नव्हतं. हिराजी टेम्पोजवळून गेला, चढला नाही. मिथुन अर्ध्या पुसलेल्या तोंडानं दारापर्यंत धावत आला होता. त्यानं एकदा "काका" म्हटलं, आणि रस्त्यावरची माणसं बघताहेत म्हणून तो आत वळला.

हिराजी पनवेलच्या रस्त्यानं खाली उतरत गेला. त्याच्या चालण्यात घाई नव्हती आणि कंबर सरळ होती. रिक्षा आली, थांबली, रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं. रूबीबाई बसली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी त्याचा सदरा माणसांत मिसळून दिसेनासा होईपर्यंत ती पायरीवर उभी राहून बघत होती. दुसरं कुणी बघत नव्हतं.